चढली नव्हती, धाप लागली होती

२०२२ च्या फेब्रुवारीत माझी नणंद आणि तिचे यजमान पुण्याहून आमच्याकडे नाशिकला आले होते. पाहुण्यांना पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर दाखवून झाले की तिसऱ्या दिवशी एखाद्या वाइनरीत न्यायचे, हा आता इथल्या घराघरांतला रिवाज झाला आहे, आणि त्याप्रमाणे आम्हीही गेलो. चवीसाठी पाच ग्लास समोर मांडले गेले, प्रत्येकात जेमतेम दोन-तीन घोट. माहिती सांगणाऱ्या मुलाने ग्लास हलकेच फिरवून, नाक आत घालून वास घ्यायला सांगितले. दुसरा ग्लास पांढऱ्या वाइनचा होता. मी मनापासून वास घेतला तेव्हा फळांच्या वासाआधी नाकाला आगकाडी पेटवल्यावर येतो तसा किंचित झणका लागला. मी एक घोट घेतला, मग दुसरा घेतला, आणि दहा-पंधरा मिनिटांत मला खोकला सुरू झाला. कान गरम झाले, नाक चोंदले, आणि कोणीतरी छातीभोवती पट्टा आवळत न्यावा तसा श्वास आखडत गेला.

"वहिनी, दोन घोटांतच?" नणंदेच्या यजमानांनी हसून विचारले. सगळे हसले आणि मीही हसण्याचा प्रयत्न केला, पण हसायला लागणारा श्वास माझ्याकडे नव्हता.

त्या दिवसापासून माझ्याविषयी घरात एक निदान पक्के झाले, ते म्हणजे "हिला झेपत नाही". पुढचे सव्वा वर्ष हे निदान मीही मान्य केले होते. ते चुकीचे कसे ठरले आणि खरे कारण कुठे सापडले, ते मी इथे सविस्तर लिहीत आहे. माझ्यासारखे खोकत, लाल होत, अंगावर गांधी उठवून घेत "मला सोसत नाही" एवढेच म्हणून विषय संपवणारे बरेच लोक मला आता दिसू लागले आहेत, हे त्यामागचे कारण आहे.

दारू न झेपणे या शब्दांत आपण किती वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो, याचा मी कधी विचार केला नव्हता. कोणाला लवकर चढते, कोणाला दुसऱ्या दिवशी डोके दुखते, कोणाला पित्त होते, कोणाचा चेहरा लालबुंद होतो, कोणाच्या अंगावर चट्टे उठतात आणि कोणाला धाप लागते. या सगळ्यांवर आपल्याकडे उपायही ठरलेले आहेत. अंगावर उठले तर आमसुलाचे पाणी चोळायचे, पोटात जळजळले तर थंड दूध प्यायचे, आणि बाकी काहीही झाले तर "झोपू द्या, उतरेल" असे म्हणायचे. यातला शेवटचा उपाय सर्वांत धोक्याचा आहे, हे मला त्याच वर्षीच्या दिवाळीत कळायला हवे होते. एका परिचितांच्या घरी फेसाळ वाइनचा अर्धा ग्लास घेतल्यावर माझी छाती ऐकू येईल इतकी घरघरू लागली. तेव्हा यजमानीण बाईंनी मला प्रेमाने आतल्या खोलीत नेऊन आडवे केले, दिवा मालवला आणि दार लोटून घेतले. घरघरणाऱ्या माणसाला आडवे केले की श्वास आणखी कोंडतो. मी उठून खिडकीशी बसले आणि पर्समधला पंप दोनदा ओढला. लहानपणी मला बाळदमा होता आणि पावसाळ्यात अजूनही क्वचित त्रास होतो, म्हणून तो पंप जवळ असतो. पंपाने बरे वाटले, यातच खरे तर उत्तराचा अर्धा भाग होता. चढलेली दारू पंपाने उतरत नाही. पण ही साधी गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आली नाही.

डॉक्टरांना मी का विचारले नाही, हा प्रश्न रास्त आहे. विचारले होते, पण खोटे सांगून विचारले होते. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे सासूबाई सोबत होत्या, आणि "काही वेगळे खाण्यात आले होते का?" या प्रश्नावर मी बाहेरच्या मंचुरियनचे नाव पुढे केले. डॉक्टरांनी मंचुरियन बंद केले. ते मी आजतागायत खाल्लेले नाही, आणि त्याचा बिचाऱ्याचा काहीही दोष नव्हता. आपल्याकडे, विशेषतः बाईच्या बाबतीत, हा विषय दवाखान्यात उघडपणे बोलला जात नाही. नाशिकमध्ये तर त्याला आणखी एक पेच आहे. त्याच २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला होता आणि "वाइन म्हणजे दारू नव्हे" हे वाक्य महाराष्ट्रभर गाजत होते. पुढे विरोध झाला आणि तो निर्णय अमलात आला नाही, पण ते वाक्य इथे सगळ्यांच्या अंगवळणी पडले. त्यामुळे "दारू घेता का?" असे विचारल्यावर इथला माणूस मनात कसलीही खोट न ठेवता "नाही" म्हणतो आणि त्याला ते खरेच वाटत असते. डॉक्टरांनी घटकांची नावे घेऊन विचारले पाहिजे, आणि आपण ती नावे घेऊन सांगितले पाहिजे.

कोडे सुटायला सुरुवात झाली ती एका लग्नात. २०२३ च्या मे महिन्यातले दुपारचे लग्न, लॉनवर ऊन मी म्हणत होते, आणि दारातच केशरी रंगाचे थंडगार सरबत हातात दिले जात होते. तहान लागली होती म्हणून मी दोन पेले लागोपाठ प्यायले. मंगलाष्टके चालू असताना मला तोच खोकला, तोच चोंदा आणि तोच आवळलेला पट्टा जाणवला. सासूबाई माझ्या कानाशी आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "घेतलीस का गं?" मी नाही म्हटले. त्यांनी विश्वास ठेवला की नाही कोण जाणे, पण माझ्या डोक्यात मात्र तेव्हा लख्ख प्रकाश पडला. सरबतात दारूचा थेंबही नव्हता, म्हणजे माझा शत्रू दारू नसून दारूत आणि सरबतात दोन्हीकडे असणारे काहीतरी होते.

त्यानंतर मी एका छातीच्या डॉक्टर बाईंकडे एकटी गेले आणि सगळे खरे सांगितले. त्यांनी माझे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले. मग, याआधी मला कोणीही न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला. "दारू सोडून आणखी कशाकशाने असे होते?" मला चटकन उत्तर देता येईना. तेव्हा त्यांनी एक वही घालायला सांगितली, पण एका अटीवर. मुद्दाम काही पिऊन पाहायचे नाही, घरी प्रयोग करायचे नाहीत, जे घडून गेले आहे ते आठवून लिहायचे आणि यापुढे जे नकळत घडेल त्याची नोंद ठेवायची.

ती वही अजून माझ्याकडे आहे. व्यवसायाने मी हिशेब तपासणारी असल्यामुळे रकाने आखणे मला आपोआप येते. काय घेतले, किती घेतले, सोबत काय खाल्ले, किती मिनिटांनी सुरू झाले, नेमके काय झाले, कोणते औषध चालू होते आणि किती वेळाने ओसरले, असे सात रकाने मी आखले. आठवणीवर माझा भरवसा नव्हता, म्हणून फोनमधले फोटो उघडले. फोटोवर तारीख आणि वेळ असते, टेबलावरचे ताट आणि ग्लास दिसतात, आणि पुढच्या फोटोंत मी आहे की नाही हेही कळते. वाइनरीतला तो फोटो पावणेपाचचा निघाला, आणि पाच वाजून चार मिनिटांच्या फोटोत मी बाजूच्या कट्ट्यावर रुमाल तोंडाशी धरून बसलेली दिसते. गोव्याच्या फोटोत माझ्या हातात बिअरचा मग आहे, त्यानंतर तासाभराचे सलग फोटो आहेत आणि मी सगळ्यांत हसते आहे. म्हणजे बिअरने काही झाले नव्हते. लाल वाइनच्या नोंदीसमोर "नाक चोंदले, छाती ठीक" असे आहे. पांढऱ्या वाइनच्या तिन्ही नोंदींसमोर "छाती" असे आहे. एका घरगुती पार्टीत मी जिनमध्ये बाटलीतला लिंबूरस घालून घेतला होता, तिथेही "छाती" आहे, आणि त्याच महिन्यात ताजे लिंबू पिळून घेतलेल्या जिनसमोर काहीच नाही. ही दोन ओळींची जोडी पाहून डॉक्टर बाईंनी पेन्सिलीने त्याभोवती गोल काढला.

शेवटची नोंद मात्र मी लिहिणारच नव्हते, कारण ती मला विषयाबाहेरची वाटत होती. माझे सासर निफाड तालुक्यातले. सासऱ्यांची, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, द्राक्षबाग आहे आणि ज्या वर्षी बाजार पडतो त्या वर्षी ते उरलेल्या मालाचे बेदाणे करतात. ताजी द्राक्षे मी वेलीवरून तोडून पसापसा खाते आणि मला कधी काही होत नाही. पिवळेधमक बेदाणे मूठभर खाल्ले की मात्र मला खोकला येतो. "कोरडे आहेत, घशात अडकतात" असे म्हणून मी ते वर्षानुवर्षे सोडून दिले होते. ही ओळ डॉक्टर बाईंनी दोनदा वाचली आणि विचारले, "हे बेदाणे घरी कसे करतात, पाहिले आहे का तुम्ही?"

पाहिले होते, कित्येकदा. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल घातलेल्या पाण्यात द्राक्षांचे घड बुडवून काढतात, म्हणजे सालीवरचा मेणासारखा थर विरतो आणि आतले पाणी लवकर उडते. मग शेडमधल्या जाळ्यांवर ते सावलीत पसरतात आणि दोन आठवड्यांच्या आत-बाहेर माल तयार होतो. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा पडतो. रंग सोनेरी राहावा म्हणून माल बंदिस्त करून त्याला गंधकाची धुरी देतात. गंधक जळले की सल्फर डायऑक्साइड वायू तयार होतो, तो फळात मुरतो आणि फळ काळे पडत नाही. धुरीच्या दिवशी मी शेडच्या जवळपास गेले की खोकून बेजार होत असे, पण गंधकाच्या धुराने सगळेच खोकतात, त्यामुळे माझ्या खोकल्याचे कोणाला काही वाटले नाही. आगकाडीचा तो झणका हाच होता. वाइनच्या ग्लासात नाक घातल्यावर मला जे जाणवले होते, ते मी सासरच्या शेडमध्ये दहा वर्षे हुंगत आले होते.

वाइनमध्ये हा गंधकाचा अंश का घालतात, तेही सांगितले पाहिजे, कारण यात लपवाछपवी किंवा भेसळ काही नाही. द्राक्षाचा रस हवेशी संयोग पावून तपकिरी पडू नये आणि नको ते जंतू वाढून त्याचा शिरका होऊ नये, म्हणून जगभर सल्फाइट, म्हणजे याच वायूपासून बनलेले क्षार, वापरतात, आणि आंबवताना यीस्टही थोडे सल्फाइट स्वतःच तयार करते. त्यामुळे संपूर्ण सल्फाइटमुक्त वाइन जवळजवळ नसतेच, घातलेले नाही एवढेच फार तर म्हणता येते. लाल वाइन सालींसकट आंबवतात आणि सालींतले टॅनिन तिचे काही प्रमाणात रक्षण करते, म्हणून तिला सल्फाइट कमी लागते. पांढऱ्या आणि गोड वाइनला ते जास्त लागते. माझ्या वहीतला लाल-पांढऱ्याचा फरक असा जुळला. बिअरमध्ये ते सहसा फारच कमी असते आणि ऊर्ध्वपातन करून काढलेल्या जिन-व्हिस्कीत जवळजवळ नसते. बाटलीतला लिंबूरस, स्क्वॅश, क्रश, काही लोणची, सुके जर्दाळू आणि पिवळे बेदाणे यांत मात्र ते असते, आणि सुक्या फळांत तर वाइनपेक्षा कितीतरी पटींनी अधिक असू शकते. घरी स्क्वॅश करणाऱ्या बायका चिमूटभर केएमएस घालतात, ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट म्हणजे याच घराण्यातले. पाकिटावर ते आयएनएस २२४ या क्रमांकाने लिहिलेले असते (आयएनएस म्हणजे खाद्यपदार्थांत घालायच्या द्रव्यांची आंतरराष्ट्रीय क्रमवारी), आणि २२० पासून २२८ पर्यंतचे क्रमांक याच कुळातले आहेत. खाद्यपदार्थात दर किलोला १० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक सल्फाइट असेल तर ते ॲलर्जीच्या सूचनेत जाहीर करावे, असा आपल्याकडे नियम आहे. मद्याच्या बाटल्यांवरील अशा सूचनांचे नियमही २०१८ साली आले. वाइनच्या बाटलीच्या मागच्या चिठ्ठीवर अगदी बारीक अक्षरांत ती ओळ असते, आणि ग्लासातून चव घेणाऱ्याला बाटलीची मागची बाजू दिसतच नाही.

पोटात गेल्यावर, किंबहुना गिळतानाच, आम्लाशी संपर्क आला की सल्फाइटमधून तोच वायू थोडा सुटतो, तो श्वासाबरोबर आत जातो, आणि ज्यांच्या श्वासनलिका आधीच हळव्या आहेत त्यांच्या नलिका आवळतात. म्हणून हा त्रास मुख्यतः दमेकऱ्यांना होतो, तोही सगळ्यांना नाही. शंभर दमेकऱ्यांत अंदाजे तीन ते दहा जणांना होतो, असे वैद्यकीय लेखनात सांगितले जाते. काटेकोर अर्थाने ही बहुतेकांच्या बाबतीत ॲलर्जी नव्हेच, असेही डॉक्टर बाईंनी सांगितले. खऱ्या ॲलर्जीत शरीराची संरक्षणयंत्रणा एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्ये तयार करते. इथे तसे सहसा सापडत नाही. माझ्या आईला सल्फाच्या गोळ्यांची ॲलर्जी आहे, म्हणून "आईचेच माझ्यात आले" असे मी त्यांना सांगू लागले, तर त्यांनी मला थांबवले. सल्फाची औषधे आणि सल्फाइट यांचा नावापलीकडे संबंध नाही, आणि बागेत भुरी रोगावर मारतात ते गंधकही निराळे, असे त्यांनी समजावले.

तरीही त्यांनी अंदाजावर शिक्का मारला नाही. आधी हातावर टोचून करायची चाचणी झाली. तिच्यासाठी सर्दी-खाजेच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद कराव्या लागल्या, नाहीतर चाचणी फसते. द्राक्ष, यीस्ट, बार्ली, गहू, शेंगदाणा यांचे थेंब कोपरापासून मनगटापर्यंत ओळीने ठेवून सुईने हलकेच टोचले. वीस मिनिटे मी हात टेबलावर पालथा न पडू देता बसून राहिले. हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत खाज-सूज आणणाऱ्या द्रव्याचा, तुलनेसाठीचा थेंब तेवढा डासाच्या चाव्यासारखा फुगला, बाकी ओळ सपाट राहिली. सल्फाइटसाठी अशी भरवशाची टोचणी उपलब्ध नाही. त्यासाठी पुढे मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात, सलाइनची सुई हातात आधीच लावून, वाढत्या प्रमाणात मेटाबायसल्फाइटचे आंबट द्रावण पाजले आणि दर टप्प्याला नळीत जोरात फुंकायला लावून फुप्फुसाची ताकद मोजली. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा मूळच्या मानाने २० टक्के घटली की चाचणी थांबवतात. माझी चौथ्या पेल्याला थांबली. खोकता खोकता मला हसू येत होते, कारण इतक्या सरळ पुराव्यानिशी "मला चढली नव्हती" हे सिद्ध करण्याची संधी फार थोड्या लोकांना मिळत असेल. ही चाचणी घरी करण्याचा विचारही कोणी करू नये, एवढेच तिच्याविषयी सांगते.

हे सगळे मी माझ्या कार्यालयात सांगितल्यावर एकेक जण आपापले सांगू लागला, आणि तेव्हा कळले की "झेपत नाही" या एका पोत्यात किती धान्ये मिसळलेली असतात. एका सहकाऱ्याच्या अंगावर फक्त पार्टीतच गांधी उठत. त्याचे कारण चखण्यात निघाले. त्याला कोळंबीची सौम्य ॲलर्जी होती, एरवी ती जाणवत नसे, पण दारूमुळे आतड्यातून पदार्थ अधिक शोषले जातात आणि ॲलर्जीचा उंबरठा खाली येतो, म्हणून दोन्ही एकत्र आले की अंग पेटत असे. तो दोन वर्षे ब्रँड बदलत राहिला आणि कोळंबी तीच मागवत राहिला. दुसऱ्या एकाला जुलाबासाठी टिनिडॅझोलची गोळी चालू असताना बिअर घेतल्यावर चेहरा तापून, छातीत धडधडून उलट्या झाल्या होत्या. या जातीच्या गोळ्या चालू असताना आणि त्या संपल्यावरही तीन दिवस मद्य घेऊ नये, असे त्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते, पण जुलाब थांबले की माहितीपत्रक कोण वाचतो? दारू सोडवण्यासाठी देतात ते डायसल्फिराम नेमका असाच त्रास मुद्दाम घडवून आणते. शरीरात दारूचे आधी ॲसिटाल्डिहाइड होते आणि मग एक विकर (एन्झाइम) त्याचे निरुपद्रवी ॲसिटेट करते. औषध त्या विकराला अडवते, ॲसिटाल्डिहाइड साचते आणि माणूस लालबुंद होतो.

हेच विकर काही लोकांत जन्मतःच दुबळे असते. चीन, जपान, कोरिया या देशांत सुमारे एकतृतीयांश लोकांचा चेहरा एका पेल्यातच लाल होतो तो त्यामुळे. आपल्याकडे हे प्रमाण बरेच कमी आहे, पण शून्य नाही. तीही ॲलर्जी नव्हे, आणि ती हसण्यावारी नेण्याची गोष्टही नव्हे, कारण असे लाल होणाऱ्यांनी पिणे चालूच ठेवले तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका लक्षणीय वाढतो. "सवयीने जाईल, पीत राहा" हा मित्रमंडळींचा सल्ला इथे शब्दशः जीवघेणा आहे. लाल वाइनने डोके दुखणाऱ्यांची जमात तर फार मोठी आहे, आणि ते सगळा दोष सल्फाइटला देतात. माझे सल्फाइटशी वैर असले तरी इथे त्याची बाजू घेणे भाग आहे. ज्या लाल वाइनमध्ये ते कमी असते तिनेच डोके जास्त दुखत असेल, तर आरोपी दुसरा असला पाहिजे. हिस्टामिनवर बराच काळ संशय आहे. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी द्राक्षाच्या सालीतील क्वेर्सेटिन या घटकाकडेही बोट दाखवले, कारण शरीरात त्याचे जे रूप होते ते वर सांगितलेल्या विकरालाच अडवते. निव्वळ मद्यार्काचीच खरी ॲलर्जी असणारी माणसे मात्र फार विरळ. त्यांना खोकल्याचे काही पातळ औषध, होमिओपॅथीचे थेंब, एवढेच काय, आजीने भूक लागावी म्हणून दिलेले द्राक्षासवही चालत नाही, कारण आसव-अरिष्टांत आंबवण्यातून आपोआप तयार झालेला मद्यार्क असतो. उलट, या सगळ्यांनी काही होत नसेल आणि एकाच पेयाने होत असेल, तर कारण मद्यार्कात नसून त्या पेयाच्या इतर घटकांत शोधावे.

ओठ, जीभ किंवा घसा सुजणे, आवाज बदलणे, श्वासाला घरघर लागणे, अंगभर गांधी उठून त्यासोबत उलट्या किंवा चक्कर येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे यांतले काही पिण्यानंतर काही मिनिटांत ते दोन तासांत झाले, तर माणसाला खोलीत झोपवून दार लोटायचे नाही. १०८ ला फोन करायचा किंवा गाडी काढायची. धाप असेल तर बसते ठेवायचे, चक्कर आणि गळाठा असेल तर पाय उंच करून आडवे करायचे, आणि रुग्णालयात पोहोचल्यावर त्याने काय प्यायले आणि काय खाल्ले ते न लाजता सांगायचे. अशा वेळी मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनलिनचे इंजेक्शन प्राण वाचवते. घरच्या डब्यातली ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. बरे वाटले तरी काही तास तिथेच थांबवून ठेवतात, कारण ओसरलेला झटका कधीकधी पुन्हा उलटतो. दिवाळीच्या त्या रात्री मला यातले काही ठाऊक नव्हते, आणि मला आडवे करणाऱ्या बाईंनाही ठाऊक नव्हते. त्यांच्यावर माझा काही राग नाही.

आता मी वाइन घेत नाही. फार गमावले असेही वाटत नाही, फक्त पाहुण्यांना घेऊन गेल्यावर मी नुसती बसून का आहे याचे स्पष्टीकरण दरवेळी द्यावे लागते. "सल्फाइट सोसत नाही" असे म्हटले की लोक आदराने गप्प होतात, आणि "सोसत नाही" एवढेच म्हटले की ग्लास पुढे करतात. पाकिटे उलटी करून क्रमांक वाचण्याची सवय मुलीलाही लागली आहे. दुकानात ती लांबूनच "आई, २२३ आहे!" असे ओरडते आणि लोक आमच्याकडे वळून पाहतात. सासूबाईंना मी सगळा वृत्तान्त, वाइनसकट, सांगून टाकला. त्यांना वाइनपेक्षा मी मंचुरियनबद्दल खोटे बोलले याचे जास्त वाईट वाटले.

अण्णांना सांगणे सर्वांत अवघड होते. "द्राक्षावर जगणाऱ्या घरात सुनेला बेदाणा चालेना, म्हंजी काय?" असे म्हणून ते बराच वेळ गप्प बसले. मी त्यांना द्राक्ष चालते, धुरी चालत नाही, असे पुन्हा एकदा सांगितले. त्यावर ते काहीच बोलले नाहीत. गेल्या मार्चमध्ये आम्ही शेतावर गेलो तेव्हा शेडच्या अगदी टोकाच्या जाळीवर, बाकीच्या मालापासून हातभर अंतर सोडून, साधारण दोन किलो बेदाणे वेगळे पसरलेले दिसले. ते सोनेरी नव्हते, गुळाच्या रंगाचे आणि जरा आक्रसलेले होते. बाजारात त्यांना कोणी भाव दिला नसता. जाळीच्या लोखंडी पट्टीवर खडूने लिहिले होते, "धुरी देऊ नये. घरचे." त्यातले चार उचलून मी तोंडात टाकले आणि सवयीने घड्याळ पाहिले. अण्णा शेडच्या दाराशी उभे होते. पंधरा मिनिटे झाली तरी ते तिथेच, दुसरीकडे पाहत असल्यासारखे उभे होते.